चौथ्या उद्गाराचे मानकरी

"आता चौथा," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

टोपण लावण्याचा अर्थ आम्हा पंचांना पाठ होता. तोरणे पाळक धोरणी गृहस्थ. भांडणाचा वास आला की ते आधी पेन झाकत, म्हणजे रागाच्या भरात कोणी काही बोललं तरी ते कागदावर उतरायला नको. पहिले तीन उद्गार पाच मिनिटांत वाटून झाले होते. चौथ्याला टोपण लागलं आणि आम्ही सगळे खोलीच्या कोपऱ्यात टांगलेल्या नाताळच्या चांदणीकडे बघू लागलो. मार्च महिना होता, एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. चांदणी काढायची कोणी हा प्रश्नही तीन बैठका झाल्या तरी सुटला नव्हता.

आमच्याकडे गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यावर सात जणांची सात भाषणं. कोणता उद्गार कोणाला, हे पंच कमिटी प्रार्थनापूर्वक ठरवते असं नियमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ती वतनं होती. क्षमेचा पहिला उद्गार हिवाळेमामांकडे एकोणपन्नास सालापासून. मामा त्यात अपराध्यांना क्षमा करत आणि त्या वर्षीच्या अपराध्यांची नावंही घेत. सुखलोकाचा दुसरा चक्रनारायण सिस्टरकडे. त्या मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या तोंडून सुखलोकाचं वर्णन ऐकताना तिथं आधी अंगठ्याला सुई टोचतात असं वाटे.

पाचवा माझा. "तहान लागली." मी हायस्कुलात मराठीचा शिक्षक आणि मंडळीचा चिटणीस, म्हणून मला मिळालेला. सात उद्गारांत सर्वांत आखूड. माझी पाळी येईतो पावणेदोन वाजत, पत्रे तापलेले असत, आणि मी तहानेविषयी बोलू लागलो की निम्मी मंडळी उठून बाहेरच्या रांजणाकडे जाई. हा माझ्या वक्तृत्वाचा परिणाम आहे असं मी पहिली सात-आठ वर्षं समजत होतो.

चौथा मात्र राजा. देवा, तू मला का सोडलंस, असं खुद्द पुत्राने बापाला विचारलं तो उद्गार. भले भले पाळक त्याला बिचकतात. आणि तो आमच्या मंडळीत बावीस वर्षं शांतवन घाटविसावेकडे होता, जो एस.टी.च्या डेपोत हेड मेकॅनिक होता आणि ज्याने आयुष्यात दुसरं भाषण केलं नव्हतं.

त्याला तो मिळाला तोही कोटामुळे. बहात्तर साली चौथ्याच्या मूळ मानकऱ्याचं पोट ऐन वेळी बिघडलं. तेव्हाच्या पाळकांनी बाकांवरून नजर फिरवली, कोट घातलेला एकच माणूस दिसला, त्याला वर बोलावलं. शांतवनने आपल्या वडिलांच्या विहिरीची हकिकत सांगितली. बायका रडल्या. पुढल्या वर्षी तो पुन्हा वर गेला आणि त्याने तीच हकिकत सांगितली. त्याच्या पुढल्या वर्षीही तीच. शब्दही तेच, खोकण्याच्या जागाही त्याच. सहाव्या वर्षी बायका रडायच्या थांबल्या, दहाव्या वर्षी तरुण संघाची पोरं सहलीला त्याची नक्कल करू लागली. एक जण दातांत टॉवेल धरायचा, बाकीचे लोळायचे.

"शांत्या, यंदा तरी काही नवं बोल," असं मी त्याला दर वर्षी सांगत असे. आम्ही दोघं मिशनच्या बोर्डिंगात एका पेटीवर बसून वाढलेले, त्यामुळे मला तो अधिकार होता.

"इंजिन चालतंय ना, दाव्या?" तो म्हणे. "मग उघडायचं कशाला?"

डिसेंबरात, नाताळच्या आठवडाभर आधी, शांतवनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय काठीवर आला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. एकच सापडला. छत्तीस वर्षं दुरुस्त झालेल्या गाड्यांच्या काचेवर तो खडूने जे लिहीत होता ते. ओके. चहा हवा का? ओके. नको का? ओके. प्रार्थना संपली की मंडळी आमेन म्हणे आणि तिसऱ्या बाकावरून पाठोपाठ एक ओके येई.

"घाटविसाव्यांना बोलता येत नाही," पाळकसाहेब चांदणीला उद्देशून म्हणाले.

"येतं की," चक्रनारायण सिस्टर म्हणाल्या. "ओके म्हणतात."

"ओकेवर वीस मिनिटं कशी काढणार तो?" हिवाळेमामांनी विचारलं.

"तुम्ही क्षमेवर पंचेचाळीस वर्षं काढलीत मामा, कुणालाही क्षमा न करता."

पाळकसाहेबांनी टोपण अधिक घट्ट केलं. मी घसा साफ केला. म्हटलं, "तसं अडतच असेल, तर या वर्षापुरतं, म्हणजे दुसरं कोणी नसेल तर..."

"पारखे," हिवाळेमामा म्हणाले, "हे वाक्य तू बावीस वर्षं पाठ करतोयस. म्हणून टाक."

म्हणून टाकलं. माझं नाव चौथ्यासमोर लिहिलं गेलं आणि तहान तरुण संघाच्या अध्यक्षाकडे गेली. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना सांगायला हवं. हळुवारपणे. तुमचे मित्र आहेत."

मला त्या क्षणी आनंद झाला होता. माझा मित्र अर्धा लुळा होऊन घरी बसला होता आणि मी लूनावर बसून घरी जाताना चौथ्या उद्गाराचं पहिलं वाक्य जुळवत होतो. हे सांगायला नको होतं, पण पुढचं कळायला लागेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शांतवनकडे गेलो. त्याचं घर डेपोच्या मागे. अंगणात बाजेवर धोतर पसरून रिबकावहिनी कुरडया घालत होत्या आणि शांतवन खुर्चीत बसून डाव्या हातातल्या काठीने कावळे हाकत होता. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला.

"ओके," तो म्हणाला.

"बसा भावजी," वहिनी म्हणाल्या. "चीक गरम आहे, तूप घालून देते."

मी चीक खात हळुवारपणाची वाट बघू लागलो. एक वाटी संपली, तो आला नाही.

"ह्यांचा कोट इस्त्रीला दिलाय," वहिनी सोऱ्या फिरवत म्हणाल्या. "अस्तर फाटलेलं, तेही शिवलं. रोज सकाळी त्या शेवग्याखाली उभे राहतात आणि डावा हात हलवतात. दोर ओढल्यासारखा. मी विचारलं, चौथ्याची तयारी का? तर म्हणाले..."

"ओके," शांतवन म्हणाला.

"आता तुम्हीच सांगा, हे तिथं उभे राहून करणार काय? पण त्यांना नको कोण म्हणणार? मी तर म्हणणार नाही." सोऱ्या थांबला. "भावजी, कमिटीत ह्यांचं नाव आहे ना?"

शांतवन माझ्याकडे बघत होता. कावळे खुशाल कुरडयांवर उतरले होते.

"त्याचं नाव कुठं जातंय, वहिनी," मी म्हणालो.

तीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला खोटं न बोलता खोटं बोलता येतं. मी दुसरी वाटी संपवली, शांतवनला लूनाचा आवाज ऐकवला, त्याने मान वाकडी करून तो ऐकला, प्लगकडे बोट दाखवलं, आणि मी निघालो. मनाशी ठरवलं, उद्या सांगू. उद्या शनिवार होता, शनिवारी अशा गोष्टी सांगू नयेत. पुढे झावळ्यांचा रविवार आला, सणाच्या दिवशी कोण सांगतं. असे तीन आठवडे गेले.

भाषण मात्र झकास झालं. अकरा पानं. मूळ अरामी शब्दांची फोड, पुत्राच्या एकाकीपणाचे तीन प्रकार, शेवटी माणसाच्या एकाकीपणाकडे वळण. इतकं विद्वत्तेचं भाषण आमच्या चर्चात झालेलं नव्हतं. आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवलं तर त्या चौथ्या पानावर झोपल्या, पण त्या पहिल्यापासून पाचव्या उद्गाराच्या पक्षपाती.

कार्यक्रमपत्रिका मीच सायक्लोस्टाइल केली आणि लूनावरून घरोघरी मीच वाटली. चौथा उद्गार: बंधू दाविद पारखे. डेपोमागच्या गल्लीत शिरलो नाही. पेट्रोल कमी होतं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे घंटा वाजत नाही. बाराला पाच कमी असताना लोक आपोआप येतात, पांढऱ्या कपड्यांत, रुमाल आणि पंखे घेऊन. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. शांतवन आला तो इस्त्रीच्या कोटात. काठी टेकत तिसऱ्या बाकावर बसला. वहिनी पलीकडे बसल्या. मी मागून दोघांच्या हातांकडे बघितलं. पत्रिका नव्हती. सुटलो असं वाटलं, आणि मग वाटलं, कशातून?

हिवाळेमामांनी क्षमा केली, त्यात त्या वर्षी नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग होता. चक्रनारायण सिस्टरनी सुखलोकातली स्वच्छता सांगितली. तिसरा उद्गार संपला, गीत सुरू झालं आणि मी उठून पुलपिटाकडे गेलो. चार पायऱ्या. वर जाऊन अकरा पानं काढली, चष्मा लावला. पानांचा क्रम लागेना. सातवं पान वर, पहिलं सापडेना. आयुष्यभर पोरांना वक्तृत्व शिकवलं, पण त्या जागेवरून खाली बघितलं आणि पानं नुसतीच वरखाली करत राहिलो. ती जागा बावीस वर्षं दुसऱ्याची होती, हे पानांना माझ्याआधी कळलं.

गीताचं शेवटचं कडवं संपलं. आणि तिसऱ्या बाकावरून काठी वाजली.

शांतवन उभा राहिला होता. वहिनींनी पलीकडून "अहो," म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. तो निघाला. काठी, डावा पाय, उजवा पाय ओढत. मधल्या वाटेवरून पुलपिटापर्यंत यायला त्याला एखादं गीत गाऊन व्हावं इतका वेळ लागला. कोणी गायलं नाही. पंखे थांबले. पहिल्या पायरीशी पाळकसाहेब पुढे झाले तेव्हा त्याने काठीने त्यांना बाजूला केलं, जसे कावळे. चार पायऱ्या तो चार हप्त्यांत चढला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. धाप लागलेली. कोटाला डांबरगोळीचा वास.

माझ्या हातात अकरा पानं. दोनशे माणसं बघतायत. हिवाळेमामांच्या चेहऱ्यावर, पुढल्या वर्षीच्या क्षमेला विषय मिळाल्याचं समाधान. रिबकावहिनी मात्र मांडीवरच्या रुमालाकडे बघत होत्या.

मी पानं घडी करून खिशात घातली.

"पत्रिकेत छपाईची चूक आहे," मी म्हणालो. "चौथा उद्गार बंधू शांतवन घाटविसावे यांचा आहे."

गुड फ्रायडेला पुलपिटावरून खोटं बोलण्याची शिफारस मी कोणाला करणार नाही, पण आवाज स्वच्छ लागला. आता पुढे काय, हे मला ठाऊक नव्हतं. शांतवनने डावा हात वर केला. भाषण सुरू करताना तो नेहमी तो हात वर करी. तोंड उघडलं. त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. काही आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो, "एकशे अकरा विहिरी खणल्या."

चर्चात एक लहानसा आवाज झाला, बाक सरकल्यासारखा. ते घाटविसाव्यांच्या भाषणाचं पहिलं वाक्य होतं.

"ओके," शांतवन म्हणाला.

"त्यातल्या एकशे दहा मी बघितल्या नाहीत. एकशे अकरावीत मी होतो. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते."

"ओके."

"विहीर चाळीस हात खोल गेली होती..."

ओके आलं नाही. मी थांबलो. शांतवन माझ्याकडे शांतपणे बघत होता, नटाला आटा बसत नाही तेव्हा बघे तसा.

"चाळीस नाही," चक्रनारायण सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या. "सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस हात," मी म्हणालो.

"ओके."

"सुरुंग उडवून झाला होता. मी कंबरेला दोर बांधून दगड भरायला खाली उतरलो. इतक्यात... इतक्यात वरून..."

मी अडकलो. खरं सांगतो, बावीस वर्षं मी ते भाषण ऐकलं नव्हतं. तो बोलत असे तेव्हा मी माझ्या तहानेची उजळणी करत असे.

"इतक्यात अंगावर उगवतीकडची बाजू आली," डावीकडून एक आवाज आला. तरुण संघाचा अध्यक्ष. सहलीला दातांत टॉवेल धरणारा तोच. तो उभा राहिला होता. "मी मांडीपर्यंत गाडलो गेलो. आणि खालून पाणी लागलं."

"ज्या पाण्यासाठी खणत होतो," उजवीकडून बायकांतून दोन-तीन आवाज एकदम, "तेच लागलं."

"ओके," शांतवन म्हणाला. त्याचा डावा हात अजून वरच होता.

मग मी बोलायची गरज उरली नाही. कोण पुढचं वाक्य म्हणतंय हे कळेना. पाणी गुडघ्याला आलं, हे मागल्या बाकांनी सांगितलं. कंबरेला आलं, हे बायकांनी. मी हाक मारली, दादा, हे सगळ्यांनी. पहिली हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, उत्तर नाही. शांतवन इथं खोकायचा. मंडळी इथं खोकली. दोनशे माणसं, गुड फ्रायडेला, ठरलेल्या जागी खोकली आणि कोणी हसलं नाही.

"मी वर बघितलं. आभाळ परातीएवढं होतं. परातीत माझा बाप नव्हता."

"मला वाटलं, पळाला."

"तिसरी हाक मारली. दादा, मला सोडून गेलास का?"

"उत्तर नाही."

"आणि कंबरेचा दोर ताठ झाला."

शांतवनचा हात हलू लागला. दोर ओढल्यासारखा, वरून खाली, वरून खाली. त्या हाताच्या लयीत लोक बोलू लागले. मी कसा वर आलो मला ठाऊक नाही. काठावर आलो तेव्हा बाकीचे जण माणसं आणायला गावाकडे धावले होते. माझा बाप एकटा होता. टाच दगडाला रुतवलेली. दोराचा वेढा कंबरेला. हात बदलताना दोर सुटू नये म्हणून तो दातांत धरलेला. पुढचे दोन दात दोराबरोबर गेले होते आणि तोंड रक्ताने भरलेलं होतं.

हिवाळेमामा आता उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कोणाच्या भाषणाला कधी उभे न राहिलेले. ते एकटेच बोलले, "मी विचारलं, दादा, मी एवढ्या हाका मारल्या. ओ का दिली नाहीस?"

इथं शांतवन नेहमी थांबायचा. पुलपिटावरच्या तांब्यातलं पाणी प्यायचा, तोंड पुसायचा, तांब्या परत ठेवायचा. मी तांब्या त्याच्या डाव्या हातात दिला. तो प्याला, थोडं कोटावर सांडलं, तोंड पुसलं, तांब्या ठेवला. एवढा वेळ मंडळी थांबली. कोणी घाई केली नाही. कोणी रांजणाकडे गेलं नाही.

मग सगळे बोलले. बायका, पुरुष, पुढे जमिनीवर बसलेली रविवारच्या शब्बाथ शाळेची पोरं, पाळकसाहेब.

"तो म्हणाला, ओ दिली असती, तर दोर सुटला असता."

शांतवनने दोनशे माणसांवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. डेपोतून गाडी बाहेर काढण्यापूर्वी तो तिच्याभोवती फेरी मारी, तशी.

"ओके," तो म्हणाला.

पुढचे तीन उद्गार झाले असावेत. तरुण संघाचा अध्यक्ष तहानेवर चांगला बोलला असं नंतर ऐकलं. मी शांतवनला पायऱ्या उतरवून त्याच्या बाकावर नेलं आणि त्याच्याच शेजारी बसलो.

तीननंतर लोक बाहेर पांगले. गुड फ्रायडेला कोणी मोठ्याने बोलत नाही, तरी हिवाळेमामा मला गाठून म्हणाले, "घाटविसाव्याचं भाषण नेहमीपेक्षा सहा मिनिटं लांबलं. पुढल्या वर्षी आवरा." आणि रुमालात तोंड घालून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

शांतवन पाळकसाहेबांबरोबर कडुनिंबाखाली उभा होता. लोक येऊन त्याचा डावा हात हातात घेत होते. रिबकावहिनी माझ्याकडे आल्या.

"छपाईची चूक कुणाची होती, भावजी?"

"माझी."

"मला वाटलंच." त्यांनी पर्स उघडली आणि चार घड्या घातलेली पत्रिका काढली. "सिस्टरबाईंनी आणून दिली होती, परवाच."

मी जमिनीकडे बघितलं. कमिटीपासून आजपर्यंतचे तीन आठवडे तिथं पडलेले दिसत होते. म्हटलं, "वहिनी, मी त्या दिवशी सांगायलाच आलो होतो. जीभ वळली नाही. आणि दुसरंही आहे. मला तो उद्गार हवा होता. पहिल्यापासून."

"ते काय आम्हाला ठाऊक नाही?" वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं शेजारच्या पंगतीत बसून दुसऱ्याच्या ताटातल्या लाडवाकडे बघितल्यासारखे बघत होतात तुम्ही. ह्यांनी पत्रिका वाचली. दोनदा वाचली. मी म्हटलं, आता हे चिडणार. तर ह्यांनी तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ओके."

मी कडुनिंबाखालच्या शांतवनकडे बघितलं. 

"मग वर का आला?" मी विचारलं.

"मी तरी काय सांगू? मीच घाबरले. पण तुम्ही वर उभे राहून कागद पिसत होतात ना, पत्ते पिसल्यासारखे? ह्यांनी बघितलं. मला कोपराने ढकलायला मी कुठं जवळ होते, म्हणून शेजारच्या पोराला ढकललं आणि तुमच्याकडे बोट केलं. आणि उठले." त्यांनी पत्रिका पुन्हा पर्समध्ये ठेवली. "बोर्डिंगात म्हणे तुम्हाला कवितेला उभं केलं की तुम्ही थरथरायचात आणि हे तुमच्या शेजारी येऊन उभे राहायचे. छड्या खाल्ल्यात त्यापायी. तुम्हीच सांगितलंत की एकदा आमच्याकडे जेवताना."

सांगितलं होतं. विनोद म्हणून सांगितलं होतं.

मी कडुनिंबाकडे गेलो. शांतवनच्या कोटाची कॉलर एका बाजूला दुमडली होती, ती सरळ केली. तो माझ्या खिशाकडे बघत होता. अकरा पानांनी खिसा फुगला होता. त्याने डाव्या हाताने खिसा चाचपला, भुवई वर केली.

"चांगलं होतं रे," मी म्हणालो. "अरामीबिरामी होतं."

त्याचा अर्धा चेहरा असा हसला की दुसऱ्या अर्ध्यालाही थोडं हलावं लागलं.

पुढल्या वर्षी पंच कमिटी बसली तेव्हा चौथ्याला पाळकसाहेबांनी पेनाला टोपण लावलं नाही. कोणाला विचारलंही नाही. खाली बघून लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौथा उद्गार: मंडळी. मी चिटणीस या नात्याने खाली सही केली. त्या बैठकीत चांदणीही उतरली.

शांतवन आणखी तीन वर्षं जगला आणि तिन्ही वर्षं चार पायऱ्या चढून वर उभा राहिला. मी शेजारी तांब्या घेऊन. त्याला मातीत ठेवलं तेव्हा मंडळीतल्या सहा जणांनी पेटीचे दोर सोडले, आणि सैल सोडला म्हणून कोणी कोणावर ओरडलं नाही. हलक्या हातांनी, सारखे सोडले. मी या मंडळीविषयी आयुष्यभर मासिकांतून वात्रट लिहीत आलो. हिवाळेमामांनी तर मला त्यापायी दोन गुड फ्रायडेंना नाव घेऊन क्षमा केली होती. पण जगातल्या कुठल्याही मोठ्या चर्चापुढे, मग त्याचा मनोरा केवढाही असो, मी या पत्र्याच्या चर्चाचा सभासद म्हणून ताठ उभा राहीन.

आता चौथ्याच्या वेळी पुलपीट रिकामं असतं. गीत संपतं, थोडा वेळ जातो आणि बाकांवरून सुरू होतं. सुरुवात कोण करतं ते मला आजवर कळलेलं नाही. ज्यांनी शांतवनला बघितलंही नाही अशी पोरं सत्तेचाळीस हात म्हणतात आणि कोणी पंचेचाळीस म्हणालं तर दुरुस्त करतात. खोकण्याच्या जागी खोकतात.

मागल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, सेमिनरीतून ताजे, अभ्यासू. पहिल्याच गुड फ्रायडेला त्यांनी हे ऐकलं आणि तीन वाजता मला बाजूला घेतलं.

"पारखेसर, फार प्रभावी होतं," ते म्हणाले. "पण मी चारही शुभवर्तमानं मनात चाळली. ती विहीर कुठे आहे?"

"आमच्या प्रतीत आहे," मी म्हणालो.